तार बघणारी बोटं

साखर कारखान्यात वर्ष मोजायचं ते हंगामानं. त्या मोजणीनं अलका मॅडमना कारखाना सोडून तीन हंगाम झाले. प्रयोगशाळेत त्यांचं उंच लाकडी स्टूल अजून आहे. नव्यानं लागलेली मुलं त्यावर बसतात, मी काही बोलत नाही. पण दुपारी मळीचा नमुना आला, की मी हातातलं काम ठेवून त्यांना सांगतो, "हात धुवा. फडक्याला पुसू नका, साबणानं धुवा." मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर मागं उरणारा काळा, चिकट पाक. मुलं म्हणतात, "धुतलेत, सर." मी म्हणतो, "पुन्हा धुवा." माझ्या पाठीमागं या गोष्टीची थट्टा होते, हे मला माहीत आहे. होऊ दे.

मी श्रीगोंदा तालुक्यातल्या एका वस्तीवरचा. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला पहिला मी. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो आणि आमच्याच भागातल्या कारखान्यात लॅब केमिस्ट म्हणून लागलो. अलका मॅडम तिथं लॅब इन्चार्ज होत्या. पहिल्या दिवशी मी दारात उभा राहिलो, तेव्हा त्या वहीतून मान वर करून म्हणाल्या, "या दत्तात्रय, बसा." माझ्यामागून कोणी मोठा माणूस आलाय असं वाटून मी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. घरी मी दत्ता, शाळेत दत्त्या, कॉलेजात हजेरीचा नंबर. पूर्ण नावानं आणि 'तुम्ही' म्हणून मला हाक मारणारं ते पहिलं माणूस.

त्या सगळ्यांनाच 'तुम्ही' म्हणायच्या. बाटल्या धुणाऱ्या भामाबाईंनासुद्धा. भामाबाई मॅडमपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या होत्या आणि कारखान्यात कोणालाच भीत नसत. माझ्यासमोर एकदा त्यांनी सरळ विचारलं, "मॅडम, तुमी लगीन का न्हाई केलं?"

मॅडम ब्यूरेटच्या नळीवरची नजर न हलवता म्हणाल्या, "हंगामात सुट्टी मिळाली नाही, भामाबाई."

"आन् हंगाम सरल्यावर?"

"सरल्यावर पुढच्या हंगामाची तयारी."

भामाबाई हसल्या आणि तो विषय कायमचा संपला.

मॅडमच्या पांढऱ्या कोटाच्या डाव्या बाहीला ॲसिडनं पडलेलं एक भोक होतं. ते त्यांनी लाल दोऱ्यानं रफू केलं होतं. पांढरा दोरा नव्हता का, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "होता की. पण चूक झाली ती दिसली पाहिजे. नाहीतर पुन्हा होते." नोंदवहीलाही हाच नियम. चुकलेला आकडा खोडायचा नाही, गिरवायचा नाही, व्हाइटनर तर प्रयोगशाळेत आणायचंच नाही. लाल पेनानं एक सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी कारण आणि सही. माझ्या पहिल्या हंगामाची वही बघितली, तर पानापानांवर लाल रेघा आहेत. ती वही मी जपून ठेवली आहे.

त्यातली पहिली रेघ मला अजून आठवते. ऊस पक्व झाला की नाही हे बघायला आम्ही शेतात जाऊन रसाचा ब्रिक्स काढायचो. त्यासाठी दुर्बिणीसारखं एक लहान यंत्र असतं. त्याच्या काचेवर रसाचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, आतल्या पट्टीवर गोडीचा आकडा दिसतो. मी नोकरीला लागून आठवडा झाला होता. दहा महिन्यांच्या एका फडात मला चोवीस ब्रिक्स मिळाला. एवढा चांगला ऊस मीच शोधला, अशा थाटात मी आलो. मॅडमनी आकडा वाचला.

"दत्तात्रय, हा ऊस आहे का साखरेचं पोतं?"

"मॅडम, मी सोताच्या डोळ्यानं बघितलं. चोवीसच हुतं."

"डोळ्याचं काही म्हणणं नाही माझं. काच कधी पुसली होती?"

आदल्या फडातला रस त्या काचेवर वाळून बसला होता. त्यांनी जीप काढायला लावली, माझ्याबरोबर फडात आल्या, काच पाण्यानं धुऊन कोरडी केली आणि यंत्र माझ्या हातात दिलं. सतरा पॉइंट चार. बांधावरून परत येताना त्या एवढंच म्हणाल्या, "जास्त आलेला आकडा आधी भांड्याला विचारायचा, मग उसाला." हे वाक्य मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं. पुढं ते मला नको त्या वेळी आठवणार होतं.

पण मॅडमचा खरा नावलौकिक होता तो त्यांच्या बोटांसाठी. रस आटवून त्याचा पाक करतात, आणि पॅनमध्ये, म्हणजे मोठ्या बंद कढईत, तो एका ठरावीक दाटपणाला आला की त्यात साखरेचा दाणा धरतात. थोडं आधी धरलं तर दाणा विरघळतो, थोडं उशिरा धरलं तर बारीक कोंडा होतो. ती वेळ बघायला आता यंत्रं आहेत. पण जुना पॅनमन अजूनही नळीतून पाकाचा थेंब काढतो, अंगठा आणि पहिलं बोट यांत दाबतो आणि सावकाश उघडतो. मधे तार धरते. ती किती लांब येते, कशी तुटते, त्यावर तो ठरवतो. आमचे शंकरनाना या कामातले मुरलेले. त्यांना मॅडम पॅनवर आलेल्या सुरुवातीला आवडलं नव्हतं. "बाईमानसाचं काम न्हाई ह्ये, हात भाजतोय," असं ते म्हणाले होते म्हणे. मी लागलो तोवर ते दिवस मागं पडले होते. मी जे पाहिलं ते असं: नाना थेंब काढायचे, तार बघायचे आणि हात पुसत मॅडमकडे बघायचे. मॅडम आपल्या बोटात थेंब घ्यायच्या, डोळे मिटायच्या, बोटं उघडायच्या. "नाना, अजून दोन मिनिटं." नाना कुरकुरायचे, "आता दोन मिन्टांनी काय आभाळ फाटतंय?" पण थांबायचे. दाणा उतरला की काचेच्या पट्टीवर घेऊन बघायचे आणि माझ्याकडे वळून म्हणायचे, "ह्या बाईच्या बोटाला डोळं हाईत रे."

तार बघताना डोळे का मिटता, असं मी मॅडमना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "तार दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. तुटायच्या आधी ती बोटाला ओढते. ती ओढ बघायची."

माझ्या तिसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला मॅडमनी थेंब बोटात घेतला, डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मग रुमालाला हात पुसत म्हणाल्या, "नाना, आज तुम्हीच बघा." नाना हसत होते ते थांबले.

बोटांना मुंग्या येतात, हातमोजा घातल्यासारखं वाटतं, असं त्या सांगायला लागल्या. आम्हाला वाटलं, वयानं असेल, मानेचं असेल. मग डावा पाय ओढायला लागला. नगरच्या न्यूरोलॉजिस्टनी मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय काढला, पाठीतून पाणी काढून तपासलं, आणि नाव सांगितलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. तीन दिवस स्टेरॉईडची सलाईन लागली. बोटांत बऱ्यापैकी जाणीव परत आली, पाय सुधारला, पण रक्तातली साखर एकदम वर गेली. ती खाली यायला तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांनी मॅडम फार घाबरल्या होत्या. पुढं जे झालं, त्यात त्या भीतीचा हात होता.

कामावर परत आल्या तेव्हा मी, भामाबाई आणि नाना त्यांच्या स्टुलाभोवती उभे राहिलो. आजार काय, हे आम्हाला कळत नव्हतं, आणि मॅडमना तर न कळलेलं कोणी तसंच घेऊन गेलेलं आवडत नसे. त्यांनी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. बाहेर बगॅसचा, म्हणजे रस काढलेल्या चिपाडाच्या भुशाचा, डोंगर होता.

"भामाबाई, तो ढीग वरून कसा दिसतो?"

"कसा म्हंजे? गार पडलाय की."

"आत कोपरापर्यंत हात घाला."

"आवो, पोळंल!"

"तेच. ज्वाळा नाही, धूर नाही, आतल्या आत धुमसतो. वॉचमन रोज पाणी मारतो ते म्हणूनच. डॉक्टर ज्याला दाह म्हणतात तो असा असतो. शरीराची राखण करणाऱ्या पेशी माझ्याच मज्जातंतूंना परकं समजायला लागल्यात. त्यांचं आवरण कुरतडतात. तिथं हे धुमसणं चाललंय."

"आन् साकरेचं काय मग?" नानांनी विचारलं.

"इन्सुलिन माझ्यात कमी नाही, नाना. पण ते सांगतंय आणि पेशी ऐकत नाहीत. समजा गेटवर उसाच्या गाड्यांची रांग लागलीय, वजनकाटा चालू आहे, आणि गव्हाणीवरची माणसं ऊस आत टाकतच नाहीत. बाहेर रांग वाढते आणि आत कारखाना उपाशी. धुमसणं वाढलं की ही माणसं जास्त हट्टाला पेटतात. आणि रांग वाढली की धुमसणं वाढतं. दोन्ही एकमेकांना धरून आहेत."

"असं डॉक्टर बोललं?"

"डॉक्टर इंग्रजीत बोलले. कारखान्यात मी आणलं."

भामाबाईंनी थोडा विचार केला. "मंग पानी मारा की."

"मारायचंय. त्याचं औषध चालू आहे. आणि चालायचंय रोज. चाललं की स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतात. मागच्या दारानं."

त्या दिवसापासून दुपारच्या जेवणानंतर मॅडम चुन्याच्या गोदामाभोवती वीस फेऱ्या मारायला लागल्या. कोटाच्या डाव्या खिशात बाटल्यांची वीस जुनी बुचं. फेरी झाली की एक बूच उजव्या खिशात. उसाच्या गाड्यांवरची माणसं आधी बघून हसायची, नंतर त्यांना सवय झाली. एखादा टेम्पोवाला ओरडायचा, "मॅडम, किती राहिली?" त्या खिसा चाचपून सांगायच्या, "सात."

साखरेचं पथ्य आमच्या भागात पाळणं म्हणजे कठीणच. पाहुणा आला की उसाचा रस, रस नाही तर चहा, आणि चहात चमचा उभा राहील एवढी साखर. भामाबाईंनी एक दिवस घरून स्टीलच्या किटलीत चहा आणला. "घ्या मॅडम, बिनघोर घ्या. साकर टाकली न्हाई, गूळ टाकलाय."

मॅडमनी किटलीकडे बघितलं. "भामाबाई, गूळ म्हणजे साखरच. फक्त आंघोळ न केलेली."

भामाबाई एवढ्या हसल्या की चहा सांडला. पण दुसऱ्या दिवसापासून त्या मॅडमसाठी बिनसाखरेचा चहा आणायला लागल्या आणि स्वतःही तोच प्यायला लागल्या. तोंड वाकडं करून प्यायच्या, पण प्यायच्या.

मॅडमची निवृत्ती पाच वर्षांवर होती. एकदा फेऱ्या मारून आल्यावर स्टुलावर बसता बसता त्या म्हणाल्या, "पाय गेला तर काठी घेईन. डोळ्यांना चष्मा आहे. दत्तात्रय, बोटं तेवढी राहू देत." माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत. पण मी ऐकलं, आणि त्यानंतर त्यांच्या बोटांकडे मी फार बघायला लागलो. ब्यूरेटची चावी फिरवताना, पेन धरताना, नानांचा थेंब घेताना. हंगामभर बोटं ठीक होती. "अजून दोन मिनिटं" पुन्हा सुरू झालं होतं.

पुढच्या हंगामात, संक्रांत होऊन गेल्यावर, भामाबाई पदरात काहीतरी घेऊन आत आल्या.

"मॅडम, ही तुमची बुचं. गोदामापाशी वाटंनं सांडली हुती."

नऊ बुचं होती. मॅडमनी उजव्या खिशात हात घातला, बाहेर काढून टेबलावर मोजली. अकरा. "मी वीस म्हणून थांबले," त्या म्हणाल्या. बोटांतून नऊ बुचं निसटली होती आणि बोटांनी त्यांना सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आजारानं पुन्हा डोकं वर काढलंय, लवकर या, पुन्हा सलाईन देऊ. साखर वाढली तर दवाखान्यात इन्सुलिन देऊन सांभाळू, त्याची काळजी तुम्ही करू नका. मॅडम "येते" म्हणाल्या. पण त्यांना ते तीन आठवडे आठवत होते. आधी दोन दिवस साखर तपासून बघू, ती जागेवर आहे हे कळू दे, मग जाऊ, असं त्यांनी ठरवलं. साखर तपासायचं लहान यंत्र त्यांच्याकडे होतं. सकाळी कॉलनीतल्या घरी आणि दुपारी प्रयोगशाळेत, असं दोनदा तपासायचं. पेन नीट धरता येत नव्हतं म्हणून वही माझ्याकडे दिली.

सकाळचा आकडा त्या येऊन सांगायच्या, तो बरा असायचा; उपाशीपोटी कमीच येणार, असं आम्ही धरून चाललो. दुपारी माझ्यासमोर बोटाला टोचायच्या, पट्टीला थेंब लावायच्या. पहिल्या दिवशी तीनशे नव्वद. दुसऱ्या दिवशी चारशे बारा.

"बघा, दत्तात्रय," त्या म्हणाल्या, "आत धुमसतंय म्हणून रांग वाढलीय. जसं सांगितलं होतं तसंच. एवढी साखर असताना वर स्टेरॉईड कसं घेऊ? आधी ही खाली आणते."

त्यांनी भाकरी अर्ध्यावर आणली, मग पाव. पाय ओढत फेऱ्या वाढवल्या. डॉक्टरांना फोन केला नाही. "आकडा नीट करूनच करते," म्हणाल्या. चेहरा उतरत गेला, उठताना टेबलाचा आधार लागायला लागला, दुपारचा आकडा मात्र तिथंच. नऊ दिवस मी तो वहीत लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. नऊही आकडे सुवाच्य आहेत.

दहाव्या दिवशी दुपारी मळीचा नमुना वजन करून झाला. मॅडमनी टेबलावरच्या ओल्या फडक्याला बोटं पुसली, डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला टोचलं आणि पट्टी शोधायला लागल्या. हंगामात कारखान्यात मधमाश्या फार असतात, खिडकीतून सारख्या येत-जात असतात. त्यातली एक त्यांच्या उजव्या हाताच्या बोटावर येऊन बसली. पेराकडून टोकाकडे चालत गेली. तिथं थांबली. मॅडम पट्टीचं पाकीट दातानं फाडत होत्या. त्यांना काही कळलं नाही.

"मॅडम, माशी!" भामाबाई ओरडल्या. "बोटावर बसलीया की!"

मॅडमनी खाली बघितलं. माशी तशीच होती. त्यांनी हात झटकला नाही. तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"भामाबाई, ही माझ्या बोटावर काय करतेय?"

"काय करनार? गोड हाय म्हून बसलीया. मळीचं हात हाईत तुमचं. ह्ये फडकं बी सकाळपासनं मळीतच हाय."

"रोज असंच असतं?"

"रोजच की."

"मग बोलला का नाहीत?"

"आवो, मी काय बोलनार? आमाला हात धुवायला तुमी शिकवलं. तुमाला कोन सांगंल?"

मॅडम उठल्या. टेबल धरून, भिंत धरून बेसिनपाशी गेल्या. साबण लावून एकेक बोट धुतलं, नखांच्या आतून धुतलं. माझा धुतलेला रुमाल मागून घेतला आणि हात कोरडे केले. येऊन बसल्या आणि दुसऱ्या बोटाला टोचलं. एकशे सेहेचाळीस. दुसऱ्या हाताच्या बोटाला टोचलं. एकशे त्रेचाळीस.

मॅडमनी पट्टी टेबलावर ठेवली. मग बोलल्या, आम्हाला शिकवताना बोलायच्या त्याच आवाजात. "साध्या साखरेला ही पट्टी दाद देत नाही. साखर सांडली असती तरी चाललं असतं. पण मळीत ग्लुकोज असतं. पट्टी नेमकं तेच मोजते. बोटांना चिकट लागलं असतं तर मला कळलं असतं." त्यांनी हात पुढं केला. "वही द्या. लाल पेन द्या."

मी म्हटलं, "मॅडम, मी मारतो रेघ."

"नमुना घेणारी मी. सही माझी."

त्यांनी मुठीत पेन धरलं आणि नऊ आकड्यांवर नऊ रेघा मारल्या. रेघा वाकड्या आल्या, पण खालचा प्रत्येक आकडा वाचता येतो. शेजारी लिहिलं, 'नमुना अशुद्ध. काच पुसली नव्हती.' आणि सही.

मला बोलायचं होतं. जास्त आलेला आकडा आधी भांड्याला विचारायचा, हे मला त्यांनीच शिकवलं होतं, आणि नऊ दिवस मी विचारलं नव्हतं. त्यांना कसं विचारणार, असं वाटलं होतं. मी एवढंच म्हणालो, "मॅडम, माझं चुकलं." त्यांनी वही मिटली. "आकडा फार छान बसत होता ना, दत्तात्रय. धुमसणं वाढलं, साखर वाढली. आपल्या मनासारखा आला की विचारायचं राहून जातं."

त्याच दुपारी कारखान्याच्या जीपनं त्यांना नगरला नेलं. सलाईन झाली. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, दहा दिवस आधी आलो असतो तर? ते सरळ माणूस होते. म्हणाले, "लवकर आला असतात तर लवकर सुधारल्या असत्या. शेवटी जे राहणार ते किती राहिलं असतं, हे मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही." पायात ताकद आली, काठी घेऊन चालता यायला लागलं. बोटांची जाणीव मात्र परत आली नाही. एप्रिलमध्ये गाळप बंद झालं आणि मॅडमनी राजीनामा दिला. त्यांची धाकटी बहीण संगमनेरला होती, तिच्याकडे गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "एम.एस्सी.चा फॉर्म भरा. बाहेरून करता येतं." मी भरला. झालो. आमच्या वस्तीवर त्याचा पेढा वाटला तेव्हा पहिला बाजूला काढला तो त्यांच्या नावाचा, आणि मग आठवलं की त्यांना चालत नाही.

मॅडम गेल्यानंतरचं पहिलं गाळप सुरू झाल्यावर मी संगमनेरला गेलो. काय न्यावं कळत नव्हतं. शेवटी नानांनी एका बाटलीत पाक भरून दिला. "बाईला दाव," म्हणाले, "म्हनावं, नाना इचारतोय, किती मिन्टं?"

मॅडम स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीत बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या. बोलताना शब्द थोडे जड येत होते. बाटली बघून त्यांचे डोळे तेवढे पूर्वीसारखे झाले. बहिणीला म्हणाल्या, "लहान पातेलं काढ. गॅस बारीक ठेव." आणि मला, "दत्तात्रय, आधी हात धुवा."

मी धुतले. पाक आटायला लागला. मी चमच्यानं थेंब काढून, फुंकर घालून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी मान हलवली. "मला काय कळणार? तुमच्या बोटात घ्या. मनगट इकडं द्या." त्यांनी माझं मनगट धरलं. पकड सैल होती. "डोळे मिटा. सांगा."

मी डोळे मिटून बोटं उघडली. "ओढतेय, मॅडम. आता... तुटली."

"किती ओढली?"

"थोडीच. लगेच सोडलं."

"अजून दोन मिनिटं."

बहीण ओट्याला टेकून उभी होती. आम्ही तिघं त्या पातेल्यातल्या बुडबुड्यांकडे बघत राहिलो. मग मी पुन्हा थेंब घेऊन डोळे मिटले. बोटं उघडली आणि ती ओढ मला कळली. एवढे हंगाम मी तार डोळ्यांनीच बघत आलो होतो. त्या दिवशी ती पहिल्यांदा बोटाला कळली. मी म्हटलं, "मॅडम, आता सोडत नाही."

"धरा दाणा," मॅडम म्हणाल्या. मी डोळे उघडले तेव्हा त्यांचेही मिटलेले होते.

त्यानंतर त्यांच्या भाच्याच्या नोकरीमुळे सगळं घर नागपूरला गेलं. रविवारी कधी फोन लागतो. बहीण त्यांच्या कानाशी धरते. त्या विचारतात, "गाळप कसं चाललंय?" मी दशांशासकट सांगतो. त्या ऐकतात. आता त्यांच्याकडून शब्द कमी येतात, म्हणून मी जास्त बोलतो. नागपूरला येतो, असं दर हंगाम संपला की म्हणतो.

त्या दिवशी संगमनेरहून मी निघालो, तेव्हा मॅडम काठी घेऊन गॅलरीपर्यंत आल्या होत्या. मी खाली रस्त्यावर रिक्षा थांबवली आणि वर बघून हात हलवला. त्यांनी हलवला नाही. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. कठड्याला काठी टेकवून त्यांनी उजवा हात चेहऱ्यासमोर धरला होता. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना टेकवत होत्या, डोळे मिटत होत्या, आणि बोटं सावकाश उघडत होत्या.